हस्तव्यवसाय आणि कुमारवाङ्मय

बालवाङ्मयाची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होत असते. प्रौढ वाङ्मयाची तर अखंड चालू असते. परंतु या दोहोंच्या मध्ये जो अडनिड्या वयाचा वाचक उभा आहे, त्याच्या हाती काय पडते याचा विचार करावयास टीकाकारांस सहसा सवड होत नाही. तेरा ते सतरा वर्षांची मुले बालवाङ्मयाच्या दृष्टीने मोठी झालेली असतात आणि प्रौढ वाङ्मयाच्या दृष्टीने अजून लहान असतात. त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाचे परीक्षण झालेच, तर ते 'मुलांच्या हाती अवश्य द्यावे' एवढ्या एका वाक्यात आटोपते. त्याच मुलांच्या हाती सुटीत दुसऱ्या जातीची जी पुस्तके पडतात, म्हणजे कागदकाम, विणकाम, भरतकाम, काड्यांची खेळणी, आकाशकंदील असल्या गोष्टी शिकविणारी पुस्तके, ती परीक्षणास पात्र आहेत असे तर कोणासच वाटत नाही. आमच्या मते या दोन्ही जातींचा विचार एकत्र व्हावयास पाहिजे. वाचणारा किशोर आणि करणारा किशोर एकच असतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याची अपेक्षाही एकच असते: आपल्यास काही तरी जमण्यासारखे आहे, यावर कोणी तरी विश्वास ठेवावा.

गोष्ट आणि हस्तव्यवसाय यांचा शेजार आपल्याकडे जुना आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक काढले आणि मराठी मुलांस आपले म्हणावे असे नियतकालिक मिळाले. १९७१ साली महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने 'किशोर' सुरू केले, आणि त्या नावानेच या मधल्या वयास एक प्रकारची मान्यता दिली. मुलांच्या मासिकांत गोष्ट, कविता, कोडे, विज्ञानातील एखादी गंमत आणि 'करून पाहा' असे सांगणारे एखादे पान, असा मिश्र फराळ असावयाचा, हा संकेत आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. या पानांमधील भिंत संपादकास दिसते, मुलास दिसत नाही. समुद्रावरची गोष्ट वाचून संपताच पाठकोऱ्या कागदाची होडी करावयास बसणारा मुलगा दोन निराळे विषय हाताळीत नसतो. तो एकच खेळ पुढे चालवीत असतो.

हस्तव्यवसायाच्या पुस्तकांवर बहुधा एक शब्द ठळक छापलेला असतो, तो म्हणजे 'सोपे'. सोपी कागदफुले, सोपी भेटकार्डे, अर्ध्या तासात होणारी शोभेची वस्तू. हा शब्द नवख्यास धीर देण्यासाठी असतो आणि त्यात वावगे काही नाही. ज्याने कधी कात्री सरळ चालविलेली नाही त्यास आरंभी सोपेच काम दिले पाहिजे. तथापि सोपेपणा दोन प्रकारचा असतो, आणि या दोहोंत गल्लत झाल्यामुळे पुष्कळ नुकसान होते. एका प्रकारात आरंभ सोपा असतो आणि शेवट मोकळा असतो. दुसऱ्यात आरंभापासून शेवटापर्यंत सर्व काही दुसऱ्याने ठरवून ठेवलेले असते. करणाऱ्याने सांगितले तेथे दुमडावयाचे आणि दाखविले तेथे चिकटवावयाचे. पहिल्या प्रकारास आपण सुगम म्हणू आणि दुसऱ्यास आयता म्हणू.

घरी केलेला आकाशकंदील घ्या. बांबूच्या कामट्या तासावयाच्या, दोऱ्याने बांधावयाच्या, त्यांवर पतंगी कागद खळीने चिकटवावयाचा. कामट्या कमी-अधिक जाड राहिल्या तर सांगाडा एका अंगास झुकतो. गाठ सैल राहिली तर चांदणीचे टोक वाकडे होते. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो, आणि ओला कागद घाईने ताणला तर फाटतो. यांतील प्रत्येक चुकीचे कारण डोळ्यांस दिसते, आणि दिसते म्हणूनच पुढल्या कंदिलात सुधारता येते. एक-दोन दिवाळ्या गेल्यावर तोच मुलगा साधा कंदील सोडून चांदणीच्या मागे लागतो आणि झिरमिळ्यांचा रंग कोणास न विचारता ठरवितो. याच्या शेजारी बाजारात मिळणारा तयार संच ठेवून पाहावा. तुकडे आधीच कापलेले, भोके आधीच पाडलेली, दुमडण्याच्या रेषा आधीच दाबलेल्या. दहा मिनिटांत कंदील होतो आणि तो दिसतोही चांगला. परंतु जे काल येत नव्हते असे काहीच मुलास आज येऊ लागलेले नसते. दिवाळीतील किल्ल्याचीही हीच कथा आहे. दगडविटा रचून, वर गोणपाट टाकून, चिखल थापून केलेल्या किल्ल्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरावी लागते आणि ती उगवण्याची वाट पाहावी लागते. शहरांत आता प्लास्टरचा तयार किल्ला विकत मिळतो; त्यावर मावळे मांडणे तेवढे मुलांच्या वाट्यास राहते.

या विषयावर मराठीत लिहिणाऱ्यांचे आवडते शीर्षक 'टाकाऊतून टिकाऊ' हे होय. कल्पना उत्तम आहे. परंतु त्या शीर्षकाखाली सांगितलेल्या वस्तू पाहाव्यात तर रंगविलेली बाटली, चकचकीत कागद लावलेला डबा, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, जुन्या तबकडीवर टिकल्या चिकटवून केलेली भिंतीवरची शोभा, असाच माल फार आढळतो. बाटली टाकाऊ होती ती टिकाऊ झाली असे सांगतात. वस्तुतः काच आधीही टिकाऊच होती, आणि टिकत नाही तो वरचा रंग. बाटलीस नवा वेष मिळाला, नवे काम मिळाले नाही. म्हणून थोड्याच दिवसांत ती धूळ खात पडते आणि निमूटपणे पुन्हा टाकाऊ होते. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांनी हे शीर्षक कधी ऐकलेही नसेल. परंतु गोधडीत विरलेल्या कापडास थंडी अडविण्याचे नवे काम मिळते, आणि कोठला तुकडा कोठे बसवावा याचा निर्णय शिवणारीच्या हाती राहतो. या शीर्षकाचा खरा अर्थ सांगणारी वस्तू ती हीच.

सुगम कामाचा नमुना पाहावयाचा असेल तर अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांकडे वळावे. कानपूरच्या आय. आय. टी.त शिकलेल्या या अभियंत्याने १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद येथील विज्ञानशिक्षणाच्या कार्यात भाग घेतला. आगकाड्यांच्या प्रतिकृतींवरील त्यांचे पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत पुष्कळ वर्षे त्यांनी खेळणी केली आणि मुलांकडून करविली. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांचे साहित्य पाहावे तर आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक रबरी नळी. नळीचा तुकडा हा सांधा आणि काडी ही भुजा. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबूनही आकार सोडीत नाही. चार काड्यांचा चौकोन केला तर बोट लागताच कलंडतो. त्या चौकोनात एक कर्ण घातला की तो ताठ उभा राहतो. एवढे हातांनी अनुभवलेल्या मुलीस, लोखंडी पुलात आणि पत्र्याच्या छपराच्या कैचीत त्रिकोणच त्रिकोण का असतात, हे कोणी सांगावे लागत नाही. या लेखनाचा वाङ्मयीन गुणही ध्यानात घेण्याजोगा आहे. वाक्ये आखूड, आकृती स्वच्छ, आणि मुलांस लाडीगोडी लावणारा शब्द शोधूनही सापडावयाचा नाही. लेखक उत्तर सांगत बसत नाही. ते हाती लागेल अशी सोय करून देतो आणि बाजूस होतो.

आता हीच कसोटी कथावाङ्मयास लावून पाहू. डॅनियल डीफोचा 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ साली प्रसिद्ध झाला. तो मुलांसाठी लिहिलेला नव्हता. मुलांनी तो आपलासा केला. का केला, याचे उत्तर क्रूसोच्या धाडसात जितके आहे त्याहून त्याच्या फजितीत अधिक आहे. एक प्रचंड वृक्ष तोडून, कित्येक महिने खपून तो होडी कोरतो, आणि ती तयार झाल्यावर त्यास कळते की, ती पाण्यापर्यंत हलविणे आपल्या एकट्याच्या बळाबाहेरचे आहे. ती होडी तेथेच राहते. पुढे तो दुसरी, लहान होडी करतो आणि या वेळी तिला पाण्यावर नेण्यासाठी कालवा खणतो. मडक्यांचेही तसेच. उन्हात वाळविलेली मडकी तडकतात, ढासळतात, बेढब होतात. मग एके दिवशी विस्तवात पडलेली खापरी दगडासारखी घट्ट झालेली त्यास दिसते आणि भाजण्याची युक्ती उमगते. आपल्या हातून कंदील वाकडा झाला म्हणून हिरमुसलेल्या मुलास या पृष्ठांतून जो दिलासा मिळतो तो दहा उपदेशांनी मिळावयाचा नाही. रूसोने १७६२ सालच्या 'एमील'मध्ये आपल्या मानसशिष्यास पहिले पुस्तक म्हणून हेच द्यावयाचे ठरविले आणि त्याच शिष्यास सुतारकामही शिकविले, यात योगायोग काही नाही. पुस्तके ज्यास संशयास्पद वाटत त्या तत्त्वज्ञास हे एक पुस्तक हातांशी वैर करणारे वाटले नाही.

क्रूसोच्या वंशातील दुसरे नामांकित पुस्तक म्हणजे ज्यूल व्हर्नचे १८७४-७५ मधील 'गूढ बेट'. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या आणि आपल्याकडील किशोरांच्या दोन-तीन पिढ्यांस त्यांचे वेड लावले. 'गूढ बेटा'वर पडलेल्या मंडळींत हर्बर्ट हा पंधरा वर्षांचा मुलगा आहे, म्हणजे आमच्या वाचकाच्या नेमक्या वयाचा. घड्याळांच्या दोन काचा एकमेकींवर बसवून, मध्ये पाणी भरून, मातीने कडा बुजवून भिंग करावयाचे आणि त्याने उन्हात विस्तव पेटवावयाचा, येथून आरंभ करून ही मंडळी विटा, भांडी आणि लोखंड येथपर्यंत पोहोचतात. हे सर्व वाचताना ज्ञानाच्या सामर्थ्याचा मोठा आनंद होतो. परंतु क्रूसोशी तुलना करता एक उणीव जाणवते. बेटावरील अभियंत्यास सर्व काही ठाऊक आहे. त्याने योजिलेले बहुधा पहिल्याच खेपेस साधते. आणि हर्बर्टच्या वाट्यास शिकणाऱ्याचे काम येते, चुकणाऱ्याचे येत नाही. व्हर्न आपणांस सृष्टीचे नियम दाखवितो. डीफो त्या नियमांशी झटणारा माणूस दाखवितो. किशोरास दोघांचीही गरज आहे. पण वही मिटून कामास लावण्याचे बळ डीफोत अधिक आहे, असे आमचे मत आहे.

पुरुषी धाडसाच्या या कथांच्या शेजारी लुइझा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन' ही कादंबरी ठेवली पाहिजे. तिचा पहिला भाग १८६८ साली निघाला, आणि शांता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे ती मराठी घरांत घरचीच होऊन बसली. या चार बहिणींच्या घरात हात कधी रिकामे नसतात. त्यांतली ॲमी कलावती होण्याच्या हौसेने स्वतःच्याच पावलाचा ठसा घेऊ जाते, प्लास्टर घट्ट होते, पाऊल आत अडकून बसते, आणि सोडविण्यास आलेली जो हसण्याच्या भरात सुरी जरा खोल चालविते. इतक्या खेळकरपणाने अपयशाचे चित्र काढणारी लेखिका आपल्या नायिकांस तुच्छ मानीत नाही, हे विशेष होय. याच्या उलट बाजूस बेथची गोष्ट आहे. शेजारच्या वृद्ध गृहस्थाने आपल्या घरचा पियानो वाजवू दिला, त्याचे उपकार कसे फेडावेत हे त्या मुखदुर्बळ मुलीस कळत नाही. ती त्यांच्यासाठी सपाता तयार करते. उत्तरादाखल त्यांच्याकडून एक लहानसा पियानोच घरी येतो. बेथच्या तोंडून जे दोन शब्दही निघाले नसते ते तिच्या टाक्यांनी बोलून दाखविले. किशोरवयातील संकोच आणि हस्तव्यवसाय यांचे नाते इतके नेमके दाखविणारा प्रसंग वाङ्मयात विरळा. या वयात मुलांस बोलता येत नाही असे आपण म्हणतो. त्यांस बहुधा करता येत असते.

आजच्या वाचकांचे आवडते पुस्तक विचारले तर 'हॅरी पॉटर'चे नाव अद्याप निघते. १९९७ साली सुरू झालेल्या या मालिकेत मंत्रतंत्रांची रेलचेल आहे. तरीही पहिल्याच भागात मित्राच्या आईने विणलेला हिरवा स्वेटर त्या पोरक्या मुलास नाताळात मिळतो, तो प्रसंग मुले विसरत नाहीत. हॅरीच्या नावावर सोन्याची नाणी ठेवलेली आहेत; तो स्वेटर काही त्या नाण्यांनी येत नाही. हे पुस्तक वाचून त्यातल्यासारखा पट्ट्यापट्ट्यांचा गळपट्टा विणावयास बसणारी मुलगी नकळत उत्तम रसग्रहण करीत असते. आवडत्या पुस्तकाची खूण करणे, त्यातील गावाचा नकाशा काढणे, फाटलेल्या प्रतीस नवे पुठ्ठे बांधणे, या गोष्टी शाळेच्या वहीतील 'पुस्तकाचा सारांश लिहा' या प्रश्नापेक्षा वाचनाच्या कितीतरी जवळच्या आहेत. नकाशा काढणाऱ्यास नदी घराच्या कोणत्या बाजूस होती हे पुन्हा पाहावे लागते. आणि पुन्हा पाहणे म्हणजेच अभ्यास.

आपल्या भाषेत स्वतंत्र लिहिलेल्या पुस्तकांत साने गुरुजींची 'श्यामची आई' अग्रभागी येते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक भक्तीने वाचले जाते, आणि भक्तीमुळेच त्यातील एक बाजू झाकून राहते. त्यात पत्रावळीचे प्रकरण आहे. कोकणातील घरी रोजचे जेवण पत्रावळीवर, आणि श्यामला तर ती लावता येत नाही. आईस हे खपत नाही, आणि शेवटी श्याम ती शिकतो. पाने जुळवून चोयांनी टाचण्याचे हे काम पाहावयास सोपे. पण टाचणी सैल झाली तर आमटी खाली उतरते, आणि त्याचा निकाल देण्यास परीक्षक लागत नाही. गुरुजींच्या उपदेशाचा सूर कित्येकांस आज जड वाटतो, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या प्रकरणात उपदेश आणि काम वेगळे काढता येत नाहीत. घरच्या पंगतीत ज्याच्या हातचे काही नाही त्याने स्वस्थ बसून जेवावे हे बरे नव्हे, एवढी गोष्ट येथे पानाच्या देठातून सांगितली आहे.

दुसरे पुस्तक वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली निघालेल्या या चरित्राने किशोर वाचकांच्या मनात जे घर केले ते अद्याप सुटलेले नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली अमेरिकेतील टस्कगी येथील संस्थेत आला तेव्हा तेथे प्रयोगशाळा म्हणण्याजोगे काहीच नव्हते. विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन त्याने उकिरड्यावरून फुटक्या बाटल्या, डबे, तारा असे सामान गोळा केले आणि त्यातून उपकरणे तयार केली. वर ज्या शीर्षकाची आम्ही थट्टा केली त्याचा सार्थ अर्थ येथे पाहावा. कार्व्हरच्या हाती बाटली आली, आणि त्याने तिला शोभेस न बसविता कामास लाविले. गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाने टाकून दिलेल्या वस्तूंवर इतका विश्वास टाकावा, यातील करुण आणि उदात्त अर्थ चौदा वर्षांच्या वाचकास समजतो. समजावून सांगू गेल्यास मात्र नाहीसा होतो.

हे दोन ग्रंथ सोडले तर आमच्या कुमारवाङ्मयातील नायकनायिका सहसा हातांनी काय करतात? भागवतांचा फास्टर फेणे सायकल पिटाळतो, चोरांचा माग काढतो, आणि त्याच्या चपळाईचे आम्हीही चाहते आहोत. त्याच्यामागून आलेल्या पुष्कळ कथांत मात्र फेण्याचा जिवंतपणा उतरला नाही, नुसता माग काढणे उतरले. एका बाजूस रहस्य उलगडणारी मुले, दुसऱ्या बाजूस शेवटच्या पानावर सुधारणारी मुले. बिघडलेला पंखा उघडून पाहणारी, आजीकडून टाका शिकणारी, कुंभाराच्या चाकाशी बसून मडके बिघडविणारी मुलगी या कथांत फारशी भेटत नाही. याचे कारण लेखकांच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा आपल्या घरांत शोधणे प्रामाणिकपणाचे होईल. आम्ही पांढरपेशे लोक. लेखणीने पोट भरते, हत्यार ते दुसऱ्याच्या हातचे, ही समजूत आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. आणि जातीजातींनी कामे वाटून टाकलेल्या समाजात ती केवळ सवय नसून अहंकारही आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची शिक्षणयोजना पुढे आली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला आकार दिला. त्या वेळी तिच्यावर मोठा आक्षेप आला तो शाळांचे कारखाने होतील असा. आक्षेपात विचार करण्यासारखे काही होते. मुलांच्या सुतावर शाळेचा खर्च भागविण्याची कल्पना निर्धोक खचित नव्हती. जेथे टकळी केवळ तास भरून काढण्यापुरती फिरली तेथे तिच्यातून बुद्धीही निघाली नाही आणि धड सूतही निघाले नाही. पण योजनेच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही: हाताचे काम हलके मानणारा मनुष्य सुशिक्षित म्हणावा काय?

या अहंकाराची दुसरी शाखा मुलगा आणि मुलगी या भेदात फुटते. टाका मुलीचा आणि पाना मुलाचा, अशी वाटणी पुस्तकांच्या वेष्टनांवर अजूनही रंगांनी दाखविलेली आढळते. मुलग्यास बटण लावता येऊ नये आणि मुलीस स्क्रू पिळता येऊ नये, हे दोघांच्याही दृष्टीने पांगळेपण आहे. उत्तम हस्तव्यवसायाच्या पुस्तकास ही वाटणी ठाऊकच नसावयास पाहिजे. सुई काय आणि पाना काय, दोन्ही ठिकाणी किती ओढले म्हणजे तुटते हे बोटांनीच शिकावे लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पालकांचा: दहावीचे वर्ष तोंडावर असता कागद कातरीत बसण्यास वेळ कोठचा? हाच प्रश्न ते अवांतर वाचनाविषयीही विचारतात, यावरून दोन्ही गोष्टी एकाच घरच्या आहेत हे आपोआप सिद्ध होते. त्यांस उत्तर एवढेच की, वाकडा झालेला सांगाडा सोडून पुन्हा बांधणारा मुलगा जो धीर मिळवितो, तो गणिताच्या वहीत निराळा पैदा करावा लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चलच्चित्रांतून हवी ती कृती घरबसल्या दिसते. मग पुस्तकाची गरज काय? चित्रफितीचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. गाठ कशी मारावी हे शब्दांत सांगणे कठीण आणि दाखविणे सोपे. परंतु तेथे हात दुसऱ्याचे असतात, ते कधी चुकत नाहीत, आणि चुकलेच तर तो भाग कापून टाकलेला असतो. पुस्तक मुलास थांबू देते. आकृती आणि आपले काम यांतील अंतर मनात मोजू देते. तिसरा आक्षेप असा की, करमणुकीच्या गोष्टीवर एवढे ओझे का लादावे? ओझे आम्हांसही नको आहे. आयत्या कामास आमचा विरोध आहे तो त्यात करमणूक असते म्हणून मुळीच नाही. ती फार लवकर संपते म्हणून आहे.

यास्तव हस्तव्यवसायाची पुस्तके लिहिणाऱ्यांकडून आमची मागणी लहानशीच आहे. तयार वस्तूच्या सुंदर चित्राशेजारी बिघडलेल्या वस्तूचेही एक चित्र द्यावे आणि ती का बिघडली ते दोन ओळींत सांगावे. कृतीच्या शेवटी 'झाले' असे न लिहिता, येथून पुढे काय बदलून पाहता येईल ते सुचवावे. कथालेखकांनी आपल्या नायकास एकदा तरी असे काम द्यावे की, जे त्यास पहिल्या खेपेस जमणार नाही आणि ज्याची फजिती वाचताना वाचकाचे हात शिवशिवतील. परीक्षकांनी या दोन्ही जातींच्या पुस्तकांस एक वाक्य फेकून मोकळे होऊ नये. आणि पालकांस विनंती इतकीच की, शाळेने सांगितलेला प्रकल्प रात्री जागून स्वतः पुरा करून देऊ नये. मुलाचा कंदील शेजाऱ्याच्या कंदिलापेक्षा थोडा वाकडा दिसेल. तो तसाच दारात लावावा. पुढल्या वर्षी त्याच्या कामट्या अधिक सारख्या तासलेल्या असतील. आणि मधल्या काळात एखादे जाडजूड पुस्तक कोणी न सांगता त्या मुलाने उशाशी घेतलेले दिसले, तर त्याचे आश्चर्य वाटावयाचे कारण नाही.